एजंटला हिशोब दाखवावा की लपवावा?

(गुंतवणुकीसाठी दुकानाचा गाळा घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक धडा)

धारावीत चामड्याच्या बॅगा शिवणारे एक कारागीर माझ्या परिचयाचे आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. बावीस-पंचवीस वर्षे मशीनवर बसून त्यांनी चार पैसे मागे टाकले. डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी ठरवले की मुंब्रा-कौशात एखादा छोटा गाळा घ्यावा आणि त्याच्या भाड्यावर म्हातारपण काढावे. विचार उत्तम होता. ते एका इस्टेट एजंटच्या कचेरीत गेले. चहा आला. एजंटने अदबीने विचारले, "चाचा, बजेट किती धरू?" चाचा सरळ मनाचे. म्हणाले, "सगळा खर्च धरून चाळीस लाख आहेत. रमजानच्या आधी काम उरकायचे आहे."

त्या दिवसापासून चाचांना दाखवलेला प्रत्येक गाळा छत्तीस ते सदतीस लाखांचाच निघाला. वरचा खर्च मिळवला की बेरीज बरोबर चाळीस. त्यातल्याच एका गाळ्याचा भाव तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या गिऱ्हाइकाला बत्तीस लाख सांगितला होता, हे त्यांना पुढे कळले.

याच्या उलट दुसरे एक व्यापारी. एजंटवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. किती भाडे हवे, कोणता भाग हवा, किती दिवसांत घ्यायचे, काही सांगत नाहीत. "दाखवा, बघू" एवढेच त्यांचे उत्तर. दोन वर्षांत वीस-पंचवीस गाळे पाहून झाले. एजंट कंटाळला आणि फोन उचलेनासा झाला. चांगला माल आला की आता तो दुसऱ्याला आधी दाखवतो.

एकाने सगळे सांगितले, दुसऱ्याने काहीच सांगितले नाही. नुकसान दोघांचेही झाले. मग एजंटला आपला हिशोब दाखवावा की लपवावा? याचे उत्तर एका वाक्यात देता येते. जो कागद उद्या विकणाऱ्या मालकाच्या हातात पडला तरी आपले नुकसान होणार नाही, तो कागद एजंटला जरूर द्यावा. ज्या कागदाने नुकसान होईल तो घरी ठेवावा. हे कसे करायचे ते आता पायरीपायरीने पाहू.

एजंट कोणाचा?

आधी एजंटची कमाई कशी होते ते समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे खरेदी-विक्रीत दलाली सर्वसाधारणपणे प्रत्येक बाजूकडून एक ते दोन टक्के असते. पुष्कळदा एकच एजंट घेणाऱ्याकडूनही घेतो आणि विकणाऱ्याकडूनही घेतो. म्हणजे तो दोघांचाही असतो, आणि दोघांपैकी कोणा एकाचा पूर्णपणे नसतो. यात त्याला वाईट म्हणण्याचे कारण नाही. धंद्याची रीतच तशी आहे. मात्र आपण त्याला सांगितलेली गोष्ट समोरच्याला कळू शकते, हे धरूनच चालावे.

आता थोडा हिशोब करा. गाळा ३६ लाखांना गेला तर दोन टक्क्यांनी एजंटला आपल्याकडून ७२ हजार मिळतात. तोच ३१ लाखांना गेला तर ६२ हजार मिळतात. आपले पाच लाख वाचले, त्याचे दहाच हजार कमी झाले. पण सौदा मोडला तर त्याचे सगळेच गेले. यावरून काय दिसते? एजंटला भाव वाढवण्याची जितकी हौस असते त्यापेक्षा सौदा पुरा होण्याची घाई फार जास्त असते. ज्याच्यावर जोर चालेल त्याच्यावर तो जोर देतो. घेणाऱ्याने "चाळीसपर्यंत जाईन" म्हटले की जोर घेणाऱ्यावर येतो. घेणाऱ्याने "या भाड्यावर यापेक्षा जास्त भाव बसत नाही" असे कागदावर दाखवले की तोच जोर विकणाऱ्याकडे वळतो. हिशोब दाखवण्याचा खरा फायदा हा आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. काही ठिकाणी एजंट मालकाशी असे ठरवतो की "तुमच्या हातात तीस लाख आणून देतो, वर जे मिळेल ते माझे." अशा सौद्यात वरचा प्रत्येक रुपया एजंटचा असतो. तिथे वरचे गणित लागू पडत नाही आणि आपली कमाल रक्कम सांगणे म्हणजे तिजोरीची किल्ली देण्यासारखे होते. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे, "तुमची कमाई फक्त टक्केवारीची आहे ना? वरची रक्कम तुमची असा काही करार मालकाशी नाही ना?" प्रश्न विचारण्यात लाज नाही. उत्तर देताना समोरचा अडखळला तर त्यातूनही आपल्याला कळायचे ते कळते.

हिशोबाचा कागद

आता चाचांच्या गाळ्याचाच हिशोब मांडू. समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल केले आहेत. गाळा चटई क्षेत्राने १८० चौरस फूट. मागणी ३६ लाख. एजंट म्हणतो, "भाडे बावीस हजार सहज येईल. वर्षाचे दोन लाख चौसष्ट हजार झाले. सव्वासात टक्क्यांच्या वर पडतात, चाचा. बँकसुद्धा एवढे देत नाही."

या वाक्यात चार चुका आहेत. पहिली, भाडे ऐकीव आहे. दुसरी, गाळा वर्षाचे बाराही महिने भरलेला राहील असे धरले आहे. तिसरी, खर्च धरलाच नाही. चौथी, भागाकार मागणीच्या रकमेने केला आहे. चाचांच्या खिशातून खरोखर जाणाऱ्या रकमेने केलेला नाही. आता बरोबर मांडणी पाहा.

खिशातून जाणारी रक्कम:
गाळ्याची किंमत – ३६,००,०००
मुद्रांक शुल्क, ७ टक्के धरून – २,५२,०००
नोंदणी फी – ३०,०००
दलाली, २ टक्के – ७२,०००
वकील, सोसायटीतील हस्तांतर वगैरे – २६,०००
शटर, वीजजोडणी, रंगरंगोटी – ७०,०००
एकूण – ४०,५०,०००

मुद्रांक शुल्काचा दर गावागावाप्रमाणे वेगळा असतो आणि बदलतही असतो. व्यवहाराच्या वेळचा दर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात विचारून घ्यावा. हे शुल्क करारातील किंमत आणि सरकारी रेडी रेकनरप्रमाणे येणारी किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते, हेही विसरू नये. भाव पाडून घेतला पण रेडी रेकनर वर असला, तर शुल्कात त्या प्रमाणात बचत होत नाही.

वर्षाचे उत्पन्न:
आजूबाजूच्या नोंदलेल्या करारांवरून भाडे महिना १८,०००
वर्षात एक महिना गाळा रिकामा धरून ११ महिन्यांचे – १,९८,०००
वजा महापालिकेचा मालमत्ता कर – ९,०००
वजा सोसायटीचा देखभाल खर्च – १२,०००
वजा दुरुस्ती – ९,०००
वजा भाडेकरू बदलताना होणारा खर्च, वर्षाला सरासरी – ६,०००
हाती उरणारे – १,६२,०००

आता १ लाख ६२ हजारांना ४० लाख ५० हजारांनी भागा. उत्तर बरोबर ४ टक्के येते. कुठे सव्वासात आणि कुठे चार! गाळा तोच, भिंती त्याच. फरक फक्त हिशोबाचा. आयकर यात धरलेला नाही, कारण तो प्रत्येकाच्या एकूण उत्पन्नावर अवलंबून असतो.

"पण चाचा, भाव किती वाढतोय बघा" असे एजंट म्हणेल. भाव वाढेलही, नाही असे नाही. पण तो वाढल्याचे पैसे विकल्याशिवाय हातात येत नाहीत आणि चाचांना तर दरमहा भाजीपाल्याला पैसे हवेत. म्हणून भाववाढीचा अंदाज वेगळ्या ओळीत लिहावा. वार्षिक उत्पन्नाच्या टक्केवारीत तो कधीही मिसळू नये.

किती टक्के पुरेसे?

याला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. आपल्यातील बरेच जण व्याजाचे कर्ज टाळतात आणि रोखीने घेतात. त्यांच्या हिशोबात हप्ता नसतो, म्हणून भांडवल फुकटचे आहे असे वाटू लागते. ते फुकटचे नसते. तोच पैसा स्वतःच्या धंद्यात घातला असता तर काय मिळाले असते, हे आपले माप आहे.

पण इथेही एक गफलत होते. समजा दहा लाखांचा जादा माल ठेवला तर वर्षाला दोन लाख नफा होतो. म्हणजे वीस टक्के झाले असे आपण म्हणतो. त्या जादा मालासाठी आपण रोज दोन तास जास्त खपलो, त्याची मजुरी कुठे गेली? तेच काम नोकराकडून करून घेतले असते तर समजा १ लाख २० हजार पगार द्यावा लागला असता. तो वजा केला की भांडवलाची कमाई ८० हजार, म्हणजे ८ टक्के उरते. गाळ्याच्या टक्केवारीशी या ८ची तुलना करावी, २०ची नव्हे.

तरुण कारागिराने ८ सोडून ४ घेण्याआधी दहादा विचार करावा. चाचांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे डोळे आणि हात थकले, म्हणजे धंद्यातील भांडवलाची कमाईही थांबणार. त्यांना थोडी कमी पण बसल्या जागी येणारी रक्कम चालेल. त्यांनी स्वतःशी ठरवले: पाच टक्के मिळाले तर आनंद, साडेचारच्या खाली मात्र जायचे नाही. हे दोन आकडे लक्षात ठेवा. यातला एक एजंटला दाखवायचा आहे आणि दुसरा घरी ठेवायचा आहे.

टक्केवारीवरून भाव

हिशोब आता उलटा करू. हाती १ लाख ६२ हजार येणार आणि पाच टक्के हवेत, तर खिशातून एकूण ३२ लाख ४० हजारांपेक्षा जास्त जाता कामा नयेत. त्यातून वकील, सोसायटी आणि दुरुस्तीचे ९६ हजार बाजूला काढले की ३१ लाख ४४ हजार उरतात. यात किंमत, ७ टक्के शुल्क, १ टक्का नोंदणी फी आणि २ टक्के दलाली बसवायची. म्हणजे १.१० ने भागायचे. उत्तर येते सुमारे २८ लाख ५८ हजार.

हाच हिशोब साडेचार टक्क्यांनी केला तर एकूण रक्कम ३६ लाख होते. नोंदणी फी ३० हजारांच्या वर जात नाही, म्हणून ती आणि वरचे ९६ हजार वजा करून उरलेल्या ३४ लाख ७४ हजारांना १.०९ ने भागायचे. उत्तर सुमारे ३१ लाख ८७ हजार.

म्हणजे पाच टक्क्यांचा भाव साडेअठ्ठावीस आणि शेवटची हद्द पावणेबत्तीसच्या आसपास. छत्तीस लाख तर दूरच राहिले. चाचांकडे चाळीस लाख आहेत, हा मुद्दा या हिशोबात कुठे आलाच नाही, हे पाहिलेत का? गाळ्याची किंमत गाळ्याच्या भाड्यावरून ठरते. घेणाऱ्याच्या खिशात किती आहे त्यावरून नव्हे. एजंटच्या "बजेट किती" या पहिल्याच प्रश्नाने ही गोष्ट उलटी होते.

काय द्यावे, काय ठेवावे

एजंटला एका पानाचा कागद द्यावा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात. कोणता भाग हवा, रस्त्यावरचा गाळा की आतला. चटई क्षेत्र किती. भाड्याने द्यायचा आहे की स्वतःच्या कामाला. कोणकोणते खर्च आपण धरतो त्यांची यादी. रिकामा महिना धरतो ही गोष्ट. आणि हाती उरणारे उत्पन्न एकूण रकमेच्या पाच टक्के हवे ही अपेक्षा. भाड्याची आणि मालमत्ता कराची जागा कोरी ठेवावी आणि म्हणावे, "भाई, हे आकडे तुम्ही भरा, पण पुराव्यासह."

असा कागद हातात आला की समजदार एजंटला बरे वाटते. गिऱ्हाईक रिकामटेकडे नाही हे त्याला कळते. जो गाळा या गणितात बसत नाही तो दाखवण्यात त्याचा व आपला वेळ जात नाही. शिवाय मालकाशी बोलताना त्याच्या हातात काहीतरी असते. "गिऱ्हाईक भाव पाडतंय" म्हणण्यापेक्षा "भाडे अठरा हजार आहे, बघा हा हिशोब" असे म्हणणे मालकाच्या गळी लवकर उतरते.

आता घरी काय ठेवायचे ते पाहा. आपल्याजवळ एकूण किती रक्कम आहे. शेवटची हद्द, म्हणजे साडेचार टक्क्यांचा कागद. आपली घाई, म्हणजे रमजान, लग्न, परदेशातून आलेल्या भावाची सुट्टी वगैरे. गाळा पाहून बेगमचे मन त्यावर बसले आहे ही गोष्टसुद्धा. आणि दुसरा कोणता गाळा पाहतो आहोत त्याचा पत्ता, कारण तोच एजंट तिथेही जाऊन उभा राहू शकतो.

आज कागद हातोहात देण्याऐवजी आपण व्हॉट्सॲपवर पाठवतो. तिथे एक बोट दाबले की तो पुढे जातो. म्हणून दोन्ही हिशोब एकाच पानावर किंवा एकाच फाईलमध्ये कधीही ठेवू नयेत. मुलाने कॉम्प्युटरवर तक्ता करून दिला असेल तर तो तसाच पाठवू नये. त्यातला एक आकडा बदलला की एजंटलाही आपली हद्द काढता येते. फक्त द्यायच्या पानाचा फोटो पाठवावा.

काही वाचक विचारतील, असे झाकून ठेवणे हा खोटेपणा नाही का? नाही. आपली शेवटची हद्द सांगण्याचे कोणतेही बंधन घेणाऱ्यावर नसते, जसे ते विकणाऱ्यावरही नसते. न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. भाडे अठरा हजार असताना कागदावर चौदा लिहिणे, दुसरीकडे सौदा ठरल्याची थाप मारणे, खोटा दोष काढून भाव पाडणे हा खोटेपणा आहे, आणि तो बाजारात फार दिवस लपतही नाही. एजंटला दिलेल्या कागदातला प्रत्येक आकडा खरा असला पाहिजे. त्याची ताकद त्याच्या खरेपणातच आहे. मालकाने चौकशी केली आणि आकडा खरा निघाला की पुढची बोलणी आपोआप सोपी होतात.

एजंटकडून काय घ्यावे

देणे-घेणे दोन्हीकडून हवे. आपण हिशोब दिला, तर त्याच्याकडून पुरावा घ्यावा. एजंटची खरी किंमत इथेच कळते.

भाड्याबद्दल: "बावीस हजार येतात" म्हटले की त्याच रांगेतील गाळ्यांचे नोंदलेले करार विचारावेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदलेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. चाचांच्या मुलाने तसे शोधले तेव्हा सतरा, अठरा आणि साडेअठरा हजारांचे तीन करार मिळाले. बावीसचा एकही नाही.

भावाबद्दल: तीच सूची खरेदीचा भावही दाखवते. जवळच्या दोन-तीन गाळ्यांचे अलीकडचे खरेदीखत काढून पाहावे. मागणीचा भाव आणि झालेला भाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते.

क्षेत्राबद्दल: हाच गाळा एजंटने "२४० फूट, पंधरा हजाराने" असा सांगितला होता. ते २४० बिल्ट-अप होते. वापरायला मिळणारी जागा १८० फूट. त्या मापाने भाव फुटाला वीस हजार पडतो. टेप घेऊन स्वतः मोजावे. दोन गाळ्यांची तुलना नेहमी चटई क्षेत्रावरच करावी.

जो एजंट न कुरकुरता हे पुरावे आणून देतो, त्याला पूर्ण दलाली देताना हात आखडता घेऊ नये. त्याने आपले काम केले आहे.

हिशोबाच्या आधी कागदपत्रे

वरील सारे गणित एका अटीवर खरे आहे. इमारत कायदेशीर असली पाहिजे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे दगावली. त्यात कारागीर होते, मजूर होते, लहान मुले होती. बेकायदा इमारतीत गाळा स्वस्त मिळतो आणि म्हणून टक्केवारी कागदावर फार गोंडस दिसते. आठ-नऊ टक्के दिसले की आनंदून जाण्याऐवजी आधी शंका घ्यावी.

नुसता महारेराचा क्रमांक दाखवला म्हणूनही निश्चिंत होऊ नये. कल्याण-डोंबिवली भागात खोट्या परवानग्यांच्या आधारे रेरा नोंदणी मिळवल्याचे प्रकरण २०२२ मध्ये उघडकीस आले. अशा ६५ इमारती पाडण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिले. ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली होती ते रस्त्यावर येण्याच्या भीतीत सापडले. म्हणून बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र थेट महापालिकेतून तपासावे, आणि मालकीचा शोध आपल्या वकिलाकडून घ्यावा. एजंटने सुचवलेला वकील घेऊ नये. या कामाचे जे पैसे लागतील ते वाचवण्याच्या भानगडीत पडू नये.

दलालीची बोली

एजंटशी दलाली आधी ठरवावी आणि लिहून घ्यावी. किती टक्के, कोणत्या रकमेवर, कधी द्यायची, आणि सौदा मोडला तर काय. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, पण एजंटच्या बाबतीत आजही तोच आधार आहे. आपण नेमलेल्या एजंटने आपल्या नकळत स्वतःच्या खात्यावर व्यवहार करून फायदा काढला, तर तो फायदा मागण्याचा हक्क कलम २१६ प्रमाणे आपल्याला आहे. ज्या कामात त्याने गैरवर्तन केले त्या कामाचा मोबदला त्याला मागता येत नाही, असे कलम २२० सांगते. पण हे हक्क बजावायचे तर एजंट आपण नेमलेला होता हे सिद्ध करावे लागते. म्हणून तो चिठ्ठीएवढा का होईना, कागद हवा.

रेरा नोंदणीकृत प्रकल्पातील जागा विकणाऱ्या एजंटने महारेराकडे नोंदणी केलेली असलीच पाहिजे. २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची झाली आहे. जुन्या इमारतीतील फेरविक्रीला ही अट दर वेळी लागू होत नाही. तरीही नोंदणी असलेला एजंट निवडावा, निदान त्याचा ठावठिकाणा तरी पक्का असतो.

इसाराची रक्कम चेकने किंवा बँकेमार्फत मालकाच्या खात्यावर द्यावी, एजंटच्या हातात देऊ नये. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून आयकर कायद्याने बंदी आहे. "थोडे काळे, थोडे पांढरे" या सल्ल्याला बळी पडणाऱ्याच्या हातात तक्रार करायलाही कागद उरत नाही.

चाचांचे पुढे काय झाले?

चाचांनी काही दिवस शोध थांबवला. मुलाला बसवून वरचा हिशोब केला आणि पाच टक्क्यांचे पान घेऊन दुसऱ्या एजंटकडे गेले. त्यानेही आधी बजेटच विचारले. चाचा म्हणाले, "बजेट गाळा सांगेल. तुम्ही भाडे सांगा." त्याने हसून कागद घेतला. योगायोग असा की फिरून तोच गाळा समोर आला. मालक छत्तीसवर अडून होता. एजंटने पान त्याच्यापुढे ठेवले आणि भाड्याचे तीन करार दाखवले. मालक तेहतीसवर आला. चाचा साडेअठ्ठावीसवरून हळूहळू वर सरकले. महिनाभर कोणीच फोन केला नाही. घरी ठेवलेले दुसरे पान चाचांनी या काळात किती वेळा काढून पाहिले असेल ते तेच जाणोत. पण ते कोणाला दाखवले नाही. शेवटी सौदा ३१ लाखांना तुटला. वरचा खर्च धरून खिशातून ३५ लाख ५ हजार गेले आणि हाती साडेचारच्या थोडे वर, ४.६ टक्के पडू लागले. चाळीसपैकी जवळजवळ पाच लाख शिल्लक राहिले. त्यातून त्यांनी डोळ्यांचे ऑपरेशन करून घेतले.

वाचकांनी एक काम करावे. आपण पाहत असलेल्या किंवा आधीच घेतलेल्या एखाद्या गाळ्याचा हिशोब वरील पद्धतीने एका पानावर मांडावा. भाडे ऐकीव न धरता नोंदलेल्या करारावरून धरावे. एक महिना रिकामा धरावा. सर्व खर्च वजा करावेत. भागाकार खिशातून गेलेल्या एकूण रकमेने करावा. उत्तर पाहून धक्का बसेल कदाचित. पण हा धक्का इसार देण्यापूर्वी बसलेला बरा. आणि ते पान एजंटला देण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे पान विकणाऱ्याने वाचले तर माझे काय बिघडेल? काही बिघडणार नसेल, तर निःशंक मनाने द्यावे.